डाव्या हाताची मूठ

"ही मूठ कुणी केलीय? हातोडीने?"

समोरच्या पिस्तुलाकडे बघत मी हे मराठीत म्हणाले, स्वतःशीच, पण चांगलं मोठ्याने. शारजाबाहेरच्या त्या शूटिंग क्लबात मराठी कळणारं कुणी असेल अशी शंकासुद्धा मला आली नव्हती. काउंटरवर बसणाऱ्या हुमेरा मॅडम हैदराबादच्या, आणि शनिवारी सकाळी येणारी बाकी मंडळी म्हणजे दोन रशियन, एक फिलिपिनो नर्स आणि कुणाशीच न बोलणारा एक इजिप्शियन इंजिनियर.

"कानसीने केलीय," मागून आवाज आला. "चार महिने लागले हो. हातोडी नाही वापरली."

मी दचकून वळले. पर्सचा धक्का लागला आणि काउंटरवरचा छर्र्यांचा डबा निसटला. पाचशे छर्रे फरशीवर सांडले असते तर मी दुपारपर्यंत ते वेचत बसले असते, पण कसा कोण जाणे, डबा मी हवेतच झेलला.

समोर तिशीचा एक उंच माणूस उभा होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मनगटावर भाजल्याच्या दोन-तीन जुन्या खुणा, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला आणखी राग यावा.

"सॉरी," मी म्हणाले. "पण खरंच बसत नाही ती हातात. बोटांना जागाच नाही."

"बसणार कशी? डाव्या हाताची आहे ती." तो माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होता. "आणि तुम्हीपण डावखुऱ्या आहात."

"मुळीच नाही. मी उजव्या हातानेच लिहिते."

"लिहीत असाल. डबा कोणत्या हातात आहे?"

मी खाली पाहिलं. डबा डाव्या हातात होता.

आता थोडं मागचं सांगायला हवं. मी मुग्धा. दुबईतल्या ऊद मेथाच्या एका शाळेत सहावीला गणित शिकवते आणि शारजात सुजीतदादा आणि विभावरीवहिनीकडे राहते. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास ट्रॅफिकमध्ये, आणि मधला सगळा वेळ बत्तीस मुलांच्या कलकलाटात. दिवाळीनंतर शाळेच्या स्टाफची सहल या क्लबात आली होती. बाकीच्या बायका दोन-दोन छर्रे मारून, फोटो काढून चहाकडे पळाल्या. मी मात्र तिथेच राहिले. पिस्तूल उचलून श्वास धरला, आणि इतकी शांतता झाली की माझ्या कानांना ती ओळखताच येईना. अशी शांतता जगात आहे आणि ती मला मिळू शकते, याचंच मला इतकं नवल वाटलं की पुढच्या शनिवारी मी एकटीच परत आले. घरी सांगितलं, स्पोर्ट्स क्लब लावलाय. ते काही खोटं नव्हतं.

दोन महिने मी क्लबचं भाड्याचं पिस्तूल वापरलं. माझे छर्रे पोळपाटाएवढ्या जागेत कुठेही लागायचे. आपलं स्वतःचं पिस्तूल हवं असं वाटायला लागलं, पण स्पर्धेचं नवं एअर पिस्तूल सात हजार दिरहमच्या पुढे. म्हणजे दीड लाख रुपये आणि वर! माझा आकडा अडीच हजार दिरहमला संपत होता. त्या दिवशी क्लबच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली... 'देश सोडून जातोय, एअर पिस्तूल विकणे आहे, २२०० दिरहम.' इथे रोज कुणीतरी देश सोडून जात असतं, आणि जाताना सोफा, फ्रिज, तुळशीची कुंडीसुद्धा विकून जातं. पिस्तूल विकायला काढलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

तर तो माणूस हा. रॉयस्टन. वसईचा. दुबईच्या एका हॉटेलात पेस्ट्री शेफ.

"डाव्या हातात धरा ना," तो म्हणाला. "नाही आवडलं तर उजव्या हातासाठी बाजारात शंभर आहेत."

"मला आईने लहानपणीच उजवी केलीय," मी म्हणाले. खरंच केलं होतं. डाव्या हाताने वरणभात खायला घेतला की ती घास काढून उजव्या हातात द्यायची. पेन्सिल, प्रसाद, हळदीकुंकू, सगळं उजव्या हाताने. आता अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर मी स्वतःच विसरून गेले होते.

"इथे बघायला कुणाची आई येत नाही."

मी पिस्तूल डाव्या हातात घेतलं. मूठ मला मोठी होती, तळव्याखाली पोकळी राहत होती. तरीही मी हात उचलला, आणि... काय सांगू! नळीच्या टोकावरचा तो छोटा काळा चौकोन, जो दोन महिने माझ्यासमोर माशीसारखा भिरभिरत होता, तो थांबला. दहा मीटरवरचं काळं वर्तुळ त्याच्यावर येऊन बसलं. कोपरापासून खांद्यापर्यंत कुणीतरी मला आतून आधार देत असल्यासारखं वाटलं. मी पाच छर्रे मारले. पाचही बशीत मावतील एवढ्या जागेत लागले.

मी हात खाली घेतला. डोळे भरून आले होते, त्याला इलाज नव्हता. हा हात एवढी वर्षं माझ्याजवळच होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

रॉयस्टन हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "माझंपण असंच झालं होतं."

त्या क्षणी तो मला आवडला. हे मला कळायला आणखी तीन शनिवार लागले, ते सोडा.

"घेते," मी म्हणाले.

"थांबा. असं पहिल्याच पिस्तुलाला हो म्हणायचं नसतं." त्याने मला बाकावर बसवलं. "दुसरं काय काय बघितलंत?"

मी जरा लाजतच सांगितलं, की खऱ्या गोळीचं पॉइंट टू-टू घ्यावं असंही मनात होतं. आवाज मोठा येतो.

"आवाजाचे पैसे पडतात. त्याची प्रत्येक गोळी मोजून विकत घ्यावी लागते. हा छर्र्यांचा डबा चाळीस दिरहमला, म्हणजे हजारभर रुपयांत पाचशे वेळा चुकता येतं. पहिल्या वर्षी आपल्याला चुकायचंच असतं ना? मग चुका स्वस्तातल्या घ्या." त्याने पिस्तुलाच्या नळीखालचा सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख दाखवली. "जुनं घेताना हे आधी बघायचं. हवेचा सिलिंडर दहा वर्षं चालतो. याची सात झालीत. हे तुम्हाला न सांगता विकलं असतं तर तीन वर्षांनी तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या."

"तीन वर्षांनी तुम्ही इथे असणार आहात का शिव्या खायला?"

"नाही," तो म्हणाला. "सहा आठवड्यांनी जातोय. खलास."

क्लबचा नियम असा होता की पिस्तूल घरी न्यायचं नाही, ते क्लबच्या लोखंडी कपाटातच राहणार. मालकी बदलायची तर एका फॉर्मवर दोघांच्या सह्या आणि हुमेरा मॅडमचा शिक्का. "सही शेवटी करू," रॉयस्टन म्हणाला. "आधी मूठ तुमच्या हाताची करून देतो. नाहीतर बावीसशे दिरहम देऊन तुम्ही माझाच हात धरून बसाल."

हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की तो काय बोलला. कान लाल झाले त्याचे. मीपण छर्र्यांचा डबा उगाच उघडून बंद केला.

पुढच्या शनिवारी तो कानस, पॉलिश पेपर आणि पुट्टीचा डबा घेऊन आला. बसल्या बसल्या म्हणाला, "लिपस्टिक आहे?"

"काय?"

"लिपस्टिक. पर्समध्ये असेलच."

"तुम्हाला कशाला हवी?"

"मला नको. तुमच्या तळहाताला हवीय."

मी हुमेरा मॅडमकडे पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून बघत मान डोलावली. "सच बोल रहा है बेटा. सब ऐसे ही करते हैं."

लिपस्टिक तळव्याला लावायची आणि मूठ घट्ट धरायची. लाकडावर जिथे लाल उमटेल तिथे ते दाबतंय, म्हणजे तिथे घासायचं. जिथे काहीच उमटणार नाही तिथे पोकळी आहे, तिथे पुट्टी भरायची. मग परत लिपस्टिक.

"तुम्हाला कुणी दिली होती लिपस्टिक?" मी सहजच विचारलं. अगदी सहज.

"कुणी नाही. मी केकचा खायचा लाल रंग लावला होता. चार दिवस गेला नाही. शेफ रोज विचारायचा, हबीबी, कुणाचा खून केलास?"

मी हसत हसत लिपस्टिक लावायला घेतली, पण उजव्या हाताला ते काम नीट जमेना. तो म्हणाला, "द्या इकडे... म्हणजे, चालत असेल तर."

चालत होतं.

त्याने माझा डावा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि केकवर नाव लिहितात तसं अगदी जपून, जराही न सांडता, माझ्या तळव्यावर लिपस्टिक लावली. अंगठ्याच्या उंचवट्यावर, बोटांच्या पेरांवर, मनगटाच्या वरच्या रेषेपर्यंत. हॉल एसीने गारठलेला होता आणि त्याची बोटं गरम होती. माझ्या हाताकडे एवढं लक्ष देऊन आजवर कुणी पाहिलं नव्हतं, पुण्यातल्या आमच्या ज्योतिष्यानेसुद्धा नाही. मी श्वास घ्यायचंच विसरले.

"श्वास घ्या," तो न बघता म्हणाला. "आत्ता कुठे नेम धरायचाय?"

"तुम्ही मला अहो-जाहो करू नका," मी म्हणाले. "लिपस्टिक लावून झाल्यावर बरं नाही वाटत ते."

"मग तूपण नको करूस."

मी मूठ धरली. सोडली. लाकडावर माझा हात उमटला होता, आणि त्याच्या खाली त्याचा. सात वर्षं जिथे त्याचा अंगठा टेकायचा तिथे लाकूड गुळगुळीत होऊन खोलगट झालं होतं. तिथे माझी लाली पोचली नव्हती. एखाद्याच्या हाताचं सगळं वळण, त्याची पकड, त्याची सवय असं लाकडात साठून राहतं, हे बघून मला विलक्षण वाटलं. देवळात गेल्यावर आपण नकळत हळू बोलायला लागतो, तशी मी हळू बोलायला लागले.

"हे सगळं भरून टाकायचं?"

"विकायचं म्हटल्यावर भरावंच लागतं," तो म्हणाला आणि पुट्टीचा डबा उघडला. झाकण उघडायला त्याला बराच वेळ लागला.

त्यानंतर सुरू झाली आमची फिटिंग. शनिवारी दहाला तो यायचा. लिपस्टिक, पकड, मग कानसीचे चार हात. चारच. "लाकूड आहे, जास्त गेलं तर परत येत नाही," तो म्हणायचा आणि कानस खिशात ठेवायचा. मग मी पन्नास छर्रे मारायचे आणि तो मागे उभा राहून बघायचा. मी चुकले की म्हणायचा, "चाप ओढू नकोस, त्याला तुझ्याकडे येऊ दे." बरोबर लागला की काहीच म्हणायचा नाही, पण मला पाठीतून कळायचं.

तिसऱ्या शनिवारी मूठ माझ्या हातात अशी बसली की मला पिस्तुलाचं वजनच जाणवेना. किलोभराचं ते धूड माझ्याच हाताला फुटल्यासारखं वाटत होतं. दहा छर्र्यांत मी शंभरपैकी सत्त्याऐंशी केले. हुमेरा मॅडमनी उठून माझी पाठ थोपटली. आता घासण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"झालं?" रॉयस्टनने विचारलं.

"अंगठ्याजवळ टोचतंय जरा," मी म्हणाले.

टोचत नव्हतं. सहावीच्या मुलांकडून मी रोज एवढं खोटं ऐकते की मला स्वतःला बोलायची गरज पडत नाही, पण त्या दिवशी तोंडातून गेलं खरं. कारण सरळ होतं. सही झाली की व्यवहार संपला, आणि व्यवहार संपला की रॉयस्टनला शनिवारी माझ्यासाठी यायचं काही कारण उरत नव्हतं. तो फेब्रुवारीच्या मध्यात वसईला जाणार होता, कायमचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते आणि माझ्याकडे तीन शनिवार शिल्लक होते.

"टोचतंय का?" तो विचारात पडला. "मग बघू पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी धुकं पडलं. जानेवारीत इथे कधी कधी असं धुकं येतं की रस्त्यावर पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसतात. क्लब उशिरा उघडणार होता. आम्ही दोघं बाहेरच्या पायरीवर करक चहाचे कागदी कप धरून बसलो. समोर वाळवंट असायला हवं होतं, पण काही म्हणजे काही नव्हतं. पांढरं, गार, आणि इतकं शांत की कपातली वाफ ऐकू येईल. मी दुपट्टा कानांवरून घेतला. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते बघताना शेजारी तो होता.

"कशाला जातोयस?" मी विचारलं.

"आई एकटी आहे. डॅडी गेल्या वर्षी गेले. घराचा पुढचा ओटा मोठा आहे, तिथे बेकरी काढायची. भट्टी बघून ठेवलीय." तो भट्टीबद्दल बोलायला लागला की त्याचे हातही बोलायचे. "सकाळी सहाला गरम पाव. लोक सायकलवरून येतील न्यायला."

"छान," मी म्हणाले. मला अजिबात छान वाटत नव्हतं.

"आणि तू? इथेच?"

"जुलैपर्यंत करार आहे."

"आणि नंतर?"

"नंतरचं अजून कुणी विचारलं नाही मला," मी म्हणाले आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. यापेक्षा स्पष्ट कसं बोलायचं असतं?

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं... आणि चहा प्यायला. सगळा, एका दमात. मग म्हणाला, "उघडला वाटतं क्लब."

मी इतकी चिडले की त्या दिवशी दहा छर्र्यांत साठसुद्धा झाले नाहीत. त्याच्या मनात काही नाही, मी एका सभ्य विक्रेत्याच्या गळ्यात पडतेय, असं मी स्वतःला पुढचे पंधरा दिवस समजावलं. मधल्या शनिवारीही तो आला, कानसीचे चार हात मारून गेला. मीही "अजून जरासं टोचतंय" म्हणाले. काय करणार?

शेवटचा शनिवार आला. रविवारी संध्याकाळी त्याचं विमान. मी नऊलाच क्लबात पोचले.

"आज साइन कर दो बेटा," हुमेरा मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. "वो अल रीमवाले साहब फिर फोन कर रहे थे. लेफ्टी हैं. तीन हजार दे रहे हैं."

"कोण अल रीमवाले?" मी मराठीतच विचारलं. मग भानावर येऊन, "कब से?"

"पहले हफ्ते से. रॉयस्टन बोला, बुक हो गया." त्यांनी चष्मा काढून पुसला. "और एक बात बोलूँ? नई मूठ बनाने में टाइम लगता है. बनी-बनाई को छोटा करना दो दिन का काम है. मैंने बीस साल में छह हफ्ते की फिटिंग नहीं देखी."

मी फॉर्म हातात धरून उभी राहिले. आठशे दिरहम. म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये! भट्टीसाठी पै-पै जमवणारा माणूस ते सोडून देऊन दर शनिवारी दुबईहून शारजाबाहेर येत होता, कानसीचे चार हात मारायला. मी थक्क झाले. मला वाटत होतं की फक्त मीच वेळ काढतेय.

दहाला रॉयस्टन आला. खिशातून कानस काढत म्हणाला, "चल, अंगठ्याजवळचं शेवटचं बघून टाकू."

"टोचत नाहीये," मी म्हणाले. "कधीच टोचत नव्हतं."

त्याचा हात तिथेच थांबला.

"आणि तुझी कानस एवढी हळू का चालते, तेपण मला कळलंय. अल रीमवाल्याला का दिलं नाहीस?"

त्याने हुमेरा मॅडमकडे पाहिलं. त्या रजिस्टरमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"तोपर्यंत मूठ तुझ्या मापाची..."

"पहिल्या आठवड्यात? तेव्हा तर लिपस्टिकपण लागली नव्हती."

बिचारा बाकावर बसला. कानस दोन्ही हातांत धरून तिच्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. का ते नंतर कळलं."

"मग बोलला का नाहीस? धुक्यात मी एवढं..."

"काय बोलणार होतो, मुग्धा? चांगली नोकरी सोडून ओट्यावर पाव विकायला निघालेला माणूस मी. तू शिकलेली, तुझे घरचे वेगळे, आमचं चर्च, तुमचं देवघर. विचारलं असतं आणि तू हसली असतीस, तर राहिलेले शनिवारपण गेले असते. मला ते हवे होते."

"मी हसेन असं वाटलं तुला?"

"तू सगळ्यालाच हसतेस."

हे मात्र खरं होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आता विचार. नाही हसणार."

"इथे? मॅडमसमोर?"

"यल्ला, जल्दी," हुमेरा मॅडम रजिस्टरमधूनच म्हणाल्या. "मुझे मराठी नहीं आती."

तो उठून उभा राहिला. कानस बाकावर ठेवली, हात पँटला पुसले. सात वर्षं नेमबाजी केलेला माणूस, ज्याच्या हातातलं क्रीमसुद्धा कधी हललं नसेल, त्याचे दोन्ही हात थरथरत होते. 

"मुग्धा," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील? भट्टी लागायला दोन महिने जातील. मी थांबेन. जुलै म्हणालीस तर जुलैपर्यंत, नाहीतर त्याच्या पुढेही..."

"हो," मी म्हणाले. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. मग स्वतःला सावरलं. "पण एक आहे. उद्या तू विमानात बसायच्या आधी माझ्या दादाला कळलं पाहिजे. तू गेल्यावर चोरून फोन, हळूहळू सांगणं, असलं मला जमायचं नाही. बाबा गेल्यावर त्याने मला शिकवलंय, त्यानेच इथे आणलंय."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मला त्याच्याशी भांडावं लागेल. आजवर कधी भांडले नाहीये." "तू ये माझ्याबरोबर. पण खालीच थांब. बोलावलं तरच वर ये."

आम्ही फॉर्मवर सह्या केल्या. हुमेरा मॅडमनी शिक्का मारला आणि दोघांना मिठी मारली.

दादाचं घर चौथ्या मजल्यावर. इमारतीच्या खाली किराण्याचं दुकान आहे, इथे सगळे त्याला बकाला म्हणतात. त्याच्यासमोरच्या बाकावर रॉयस्टनला बसवून मी वर गेले. दादा जेवायला बसत होता, वहिनी पोळ्या करत होती. मी पाणी प्यायले. हात धुतले. परत पाणी प्यायले. ताटावर बसून आमटी संपवली, भात संपवला, पण तोंडातून शब्द निघेना. घड्याळात दीड वाजला. तो खाली उन्हात बसला होता.

"दादा, मी पिस्तूल घेतलंय," मी म्हणाले.

वहिनीच्या हातातून पोळी तव्यावर वाकडी पडली.

"आणि मला एक मुलगा आवडलाय. त्यालाच लग्नाला हो म्हटलंय."

दादाने घास खाली ठेवला. "आधी कशाबद्दल विचारू?"

मी सगळं सांगितलं. क्लब, छर्रे, कपाट, मूठ. रॉयस्टन, वसई, कॅथलिक, बेकरी, उद्याचं विमान. दादा ऐकत होता. एकदाही मध्ये बोलला नाही.  उठला, हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.  दादा चिडला असता तर मी उलट बोलले असते, त्याच्या गप्प राहण्यापुढे माझं काही चालेना. वहिनीने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघितलं.

"तो निळ्या शर्टातला का?" दादाने न वळता विचारलं.

"हो."

"कधीचा बसलाय?"

"दीड तास झाला. मीच सांगितलं होतं, बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

"उन्हात?"

 दादा आत आला, चपला घातल्या आणि दार उघडून गेला.

मी बाल्कनीकडे धावले. खाली दादा दारातून निघून सरळ बाकाकडे गेला. रॉयस्टन ताडकन उभा राहिला. दादा काहीतरी विचारत होता, तो उत्तर देत होता. वरून मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. दादा हात मागे बांधून उभा, रॉयस्टन सरळ, मान जराही न झुकवता. माझी दोन्ही माणसं त्या उन्हात माझं सगळं आयुष्य ठरवत होती आणि मी कठडा धरून नुसती बघत होते. पाच मिनिटं गेली असतील. मग दादाने बकाल्याकडे बोट दाखवलं, दुकानातून पाण्याची बाटली आणली आणि त्याच्या हातात दिली. रॉयस्टनने ती तिथेच उभ्याने अर्धी संपवली. दोघं इमारतीच्या दाराकडे चालायला लागले.

मी दार उघडून उभी राहिले. लिफ्ट आली. आधी दादा बाहेर आला, मागून रॉयस्टन, कान लाल, शर्ट घामाने भिजलेला.

"मुग्धा," दादा चपला काढत म्हणाला, "याने सकाळपासून काही खाल्लेलं नाहीये. वाढ त्याला."

मी वळले. वहिनीने चौथं ताट आधीच मांडून ठेवलं होतं.